काठोकाठ आशा : एका तबकडीचे रसग्रहण

या त्रैमासिकाच्या पानांवर वाचकांनी आजवर कवितासंग्रहांची, भक्तिगीतांच्या पुस्तकांची आणि क्वचित एखाद्या नाटकाची समीक्षा वाचली असेल. आज आम्ही ज्या कलाकृतीविषयी लिहिणार आहोत ती हातात घेतली तर ७ इंच व्यासाची काळी तबकडी आहे. लावली तर ती चार-पाच मिनिटांत संपते, आणि तिच्यावरचे गाणे इंग्रजी आहे व नाचाचे आहे. धर्मगुरूने अशा विषयाला हात घालावा काय, असा प्रश्न कुणाच्या मनात आला तर तो आम्हांला अनपेक्षित नाही. परंतु हे गाणे आमच्याकडे दोन वाटांनी चालत आले. दोन्ही वाटा खान्देशातल्याच होत्या, आणि दोन्हींच्या टोकाला आमचीच माणसे उभी होती.

पहिली वाट भुसावळची. रेल्वेत गार्ड म्हणून आयुष्य घालवलेले एक धर्मग्रामस्थ काही वर्षांपूर्वी प्रभूच्या घरी गेले. मागे पत्र्याची एक ट्रंक राहिली. तीत ४५ फेऱ्यांच्या लहान तबकड्या होत्या : हिंदी चित्रपटांतली गाणी, कोळीगीते, कोंकणी गाणी, नाताळची गीते. मुंबईच्या एका संग्राहकाने फोनवरून ती सारी ट्रंक विकत मागितली आणि तीतल्या एका इंग्रजी तबकडीविषयी बारकाईने चौकशी केली. वेष्टन मूळचे आहे काय, चरे किती आहेत, वाजवली किती वेळा? ती तबकडी इंग्लंडात नर्स असलेल्या मुलीने १९९८ साली बाबांना पाठवली होती. गाणे होते ‘कॉर्नरशॉप’ या वाद्यवृंदाचे ‘ब्रिमफुल ऑफ आशा’. विकावे की ठेवावे, यावर घरात एकमत होईना. म्हणून मुलगा आमच्याकडे आला.

दुसरी वाट धुळ्याची. युवकांच्या एका मेळाव्यात याच गाण्याच्या वेगवान आवृत्तीवर मुलामुलींनी समूहनृत्य बसवले होते. कार्यक्रम संपल्यावर एक माता आमच्यापुढे येऊन उभी राहिली. “फादर, त्या गाण्याचे शब्द तुम्ही कधी नीट ऐकलेत का?” तिने विचारले. तिचा आक्षेप ध्रुपदाला होता. त्यात उशीच्या जागी स्त्रीच्या उराचा उल्लेख आहे. चर्चच्या आवारात, कोवळ्या मुलांच्या तोंडी असे शब्द कसे चालतात, असा तिचा रोखठोक सवाल होता. आम्ही निरुत्तर झालो, कारण शब्दांकडे आमचे लक्ष कधी गेलेच नव्हते. १९९८ मध्ये पुण्यात ईशज्ञानाचा अभ्यास करीत असताना हे गाणे आमच्या कानांवर पडले होते. त्याच्या चालीपलीकडे आम्ही गेलो नव्हतो. प्रस्तुत लेख म्हणजे त्या मातेला उशिरा दिलेले उत्तर होय.

नाव कुणाचे?

‘कॉर्नरशॉप’ हा १९९१ च्या सुमारास इंग्लंडात उभा राहिलेला वाद्यवृंद. त्याचा प्रमुख गायक व गीतकार तजिंदर सिंग हा तिथे स्थायिक झालेल्या पंजाबी कुटुंबातला. गल्लीच्या कोपऱ्यावरचे दुकान चालवणारा तो भारतीय, अशी तिकडच्या गोऱ्या माणसाची ठरलेली समजूत. त्या हिणवणुकीलाच या मंडळींनी आपले नाव करून टाकले. ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ ऑगस्ट १९९७ मध्ये प्रथम निघाले तेव्हा ब्रिटिश विक्रीच्या यादीत ते साठाव्या क्रमांकापर्यंतच पोहोचले. जॉन पील या बीबीसीच्या नामांकित निवेदकाच्या श्रोत्यांनी मात्र त्या वर्षीच्या आवडत्या गाण्यांत त्याला पहिला मान दिला. पुढे नॉर्मन कुक, म्हणजे ‘फॅटबॉय स्लिम’ या नावाने गाजलेला संगीतकार, याने ते नव्याने घडवले, त्याचा वेग व पट्टी दोन्ही वाढवली आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते थेट पहिल्या क्रमांकावर गेले. जगाने ऐकले ते हे दुसरे रूप. भुसावळच्या ट्रंकेत होती ती तबकडीही त्याचीच.

शीर्षकाचा अर्थ काठोकाठ भरलेली आशा. ही आशा म्हणजे आशा भोसले. इंग्रज श्रोत्याच्या कानाला ते एक परके नाव आहे. मराठी कानाला मात्र एकाच शब्दात दोन अर्थ ऐकू येतात : गाणारी आशा आणि मनातली आशा. गीतकाराने हा श्लेष जाणून केला आहे, हे गाणे दोनदा ऐकणाऱ्याच्या लक्षात येते. आणि ज्याने लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात श्रद्धा, आशा व प्रीती हे तीन ईश्वरविषयक सद्गुण पाठ केले आहेत, त्याच्या मनात तिसराही अर्थ जागा होतो. भरून वाहणारा प्याला म्हटला की तेविसावे स्तोत्र आठवणे आमच्या वाचकांना स्वाभाविकच आहे. गीतकाराच्या मनात हे स्तोत्र होते असा आमचा दावा नाही. परंतु प्रतिमा कुणा एकाच्या मालकीच्या नसतात. ज्याच्या घरी त्या वाढल्या त्याला त्या ओळखता येतात.

इथे एक गोष्ट खान्देशच्या वाचकांना सांगितलीच पाहिजे. मास्टर दीनानाथ मंगेशकरांच्या पत्नी, म्हणजे लताबाई-आशाबाईंच्या आई, या थाळनेरच्या. शिरपूर तालुक्यातले, तापीकाठचे, एके काळी फारुकी राजांची राजधानी असलेले हे थाळनेर. तिथल्या लाड घराण्याची लेक सांगलीकडे गेली आणि तिच्या पोटी ८ सप्टेंबर १९३३ रोजी आशाबाईंचा जन्म झाला. धुळ्याच्या मेळाव्यात नाचणाऱ्या मुलांना ठाऊक नव्हते, पण इंग्लंडात गाजलेल्या ज्या नावावर ती नाचत होती, ते नाव आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावच्या नातीचे होते.

पडद्यामागचा आवाज

गाण्याचा विषय आहे पार्श्वगायन. रुपेरी पडद्यावर एक स्त्री ओठ हलवते, आणि आवाज असतो दुसऱ्याच स्त्रीचा. आज आपल्याला यात नवल वाटत नाही. परंतु १९४९ सालच्या ‘महल’ चित्रपटातले लताबाईंचे प्रसिद्ध गाणे जेव्हा तबकडीवर आले, तेव्हा तिच्यावर गायिका म्हणून नाव छापले होते ते चित्रपटातल्या पात्राचे, ‘कामिनी’चे. आवाज घरोघर गेला, आणि नाव पडद्याआड राहिले. आशाबाईंच्या वाट्याला तर दुहेरी आडोसा आला. वडील १९४२ मध्ये वारले तेव्हा त्या अवघ्या आठ वर्षांच्या होत्या. १९४३ मध्ये ‘माझं बाळ’ या मराठी चित्रपटात त्या प्रथम गायल्या. पुढे बराच काळ, थोरल्या बहिणीच्या छायेत, इतरांनी नाकारलेली, खलनायिकांची आणि नाचगाण्यांच्या अड्ड्यांवरची गाणी त्यांच्याकडे येत राहिली. त्या गाण्यांतून त्यांनी जे उभे केले त्याचे मोजमाप पुढे २०११ साली गिनेस बुकानेही केले : जगात सर्वाधिक ध्वनिमुद्रणे केलेली कलावती म्हणून.

पडद्यामागे आणखीही माणसे होती, आणि त्यांत आपल्या ख्रिस्ती बांधवांची संख्या मोठी होती. मुंबईच्या ध्वनिमुद्रण कक्षांत व्हायोलिन, ट्रंपेट, सॅक्सोफोन वाजवणारे, स्वरलेखन जाणणारे वादक फार मोठ्या प्रमाणात गोव्याहून आलेले होते. चर्चच्या शाळेत आणि गायनवृंदात ते हे लेखन शिकले होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे संयोजन करणारे सेबॅस्टियन डिसोझा, ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखले जाणारे ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ ही त्यांतली मोजकी नावे. रविवारच्या मिस्सेत जे स्वर वाजत, तेच हात सोमवारी चित्रपटाची गाणी वाजवीत. तबकडीच्या मधल्या कागदी चकतीवर यांच्यासाठी जागा नव्हती. भुसावळच्या त्या गार्डसाहेबांची गोष्ट अशी सांगतात की, गाणे लागले की ते गायिकेचे नाव न घेता “हा ट्रंपेट ऐका” असे म्हणत. आपल्या माणसाला ते आवाजावरून ओळखत.

खान्देशाला हा अनुभव तसा नवा नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांनी शेतात व जात्यावर गायिलेली गाणी मुलाने, सोपानदेवांनी, टिपून ठेवली आणि १९५१ मध्ये त्या वारल्यावर, १९५२ साली ती पुस्तकरूपाने लोकांपुढे आली. गाणारी निघून गेली तेव्हा तिचे नाव उजेडात आले. न दिसणाऱ्या गळ्यावर इतरांनी जगावे ही रीत जात्याची, तशी चित्रपटाचीही.

‘ब्रिमफुल ऑफ आशा’ या गाण्याचे पहिले मोठेपण आम्हांला इथे दिसते. नृत्यगीते बहुधा स्वतःविषयी किंवा प्रेयसीविषयी बोलतात. हे गाणे दुसऱ्या गायिकेपुढे कृतज्ञतेने मान लवविते. संगीताच्या दृष्टीने ते फारच साधे आहे. तीन स्वरसंगती पुन्हापुन्हा फिरत राहतात, आणि त्यांवर गायकाचा आवाज जणू गप्पा मारावा तसा चालतो. उत्तरार्धात तो नावांची यादी सुरू करतो. आशाबाईंपाठोपाठ लताबाई व रफीसाहेब येऊन गेलेले असतात. आता आकाशवाणी येते, एक फ्रेंच गायक येतो, वेस्ट इंडीजचे संगीत विकणारी तबकड्यांची कंपनी येते, आणि प्रत्येक नावामागून एकच प्रतिसाद येतो : ४५ फेऱ्यांची ती तबकडी. कॅथलिक वाचकाला याचे स्वरूप सांगायला नको. ही लितानी आहे. एकामागून एक नाव, आणि सर्वांनी मिळून दिलेला तोच तो प्रतिसाद. ज्यांनी आपल्याला सावरले त्यांची नावे ओळीने घ्यावीत, ही ओढ माणसात खोलवर आहे. चर्चने तिला प्रार्थनेचे रूप दिले. परक्या शहरात वाढलेल्या एका पंजाबी मुलाला ती तबकड्यांच्या ढिगात सापडली.

खोलीतली मुलगी

या गाण्याची चित्रफीत साधी आहे, आणि म्हणूनच ती लक्षात राहते. एक तरुणी आपल्या खोलीत आहे. तिच्याभोवती तबकड्या आहेत. ती एकेक लावते, ऐकते, नाचते, आणि वेष्टनांवरच्या चित्रांत वाद्यवृंद जिवंत होऊन वाजवू लागतो. मध्यभागी गायिका नाही. मध्यभागी आहे ऐकणारी.

ही निवड आम्हांला मोलाची वाटते. आज खान्देशात अहिराणी गाण्यांच्या चित्रफितींनी धमाल उडवून दिली आहे. ‘हाई झुमकावाली पोर’ हे गाणे तर खान्देशाबाहेरही पोहोचले. आपल्या बोलीला मिळालेल्या या मानाचा आम्हांला आनंदच आहे. परंतु या नव्या चित्रफितींत सारा भर दिसण्यावर असतो : कपडे, गाडी, नायक-नायिका. ऐकणारे माणूस कुठे दिसत नाही. कॉर्नरशॉपच्या चित्रफितीत आवाज कानांवाटे आत जातो आणि एका सामान्य मुलीचा चेहरा उजळतो, एवढेच दिसते. श्रद्धा ऐकण्याने येते, असे संत पौल रोमकरांस सांगतो. चित्रफितीचा आणि पौलाचा विषय एक नाही. पण कान हे मनाचे दार आहे, एवढे दोघांनाही ठाऊक आहे.

भुसावळच्या त्या मुलीने ही तबकडी बाबांना का पाठवली, हे आम्ही तिला फोनवर विचारले. ती म्हणाली, “फादर, रात्रपाळी करून यायचे तेव्हा खोलीत कुणी नसायचे. दुकानात हे गाणे लागलेले ऐकले आणि ‘आशा’ हा एकच शब्द कळला. तेवढ्यावरून घेतली.” चित्रफितीतली खोली कल्पनेतली असेल, पण तशा खोलीत एक भारतीय मुलगी खरोखर राहत होती.

उशीचा प्रश्न

आता त्या मातेचा आक्षेप. ध्रुपदाचा आशय असा की, विसाव्याला प्रत्येकाला कुणाच्यातरी उराची उशी हवी असते. शब्द सुटा काढला तर तो उथळ वाटू शकतो, आणि नृत्याच्या गोंगाटात तो तसाच ऐकू येतो. हे आम्ही नाकारीत नाही. पण संदर्भात तो पाहिला तर? चित्रपटगृहाच्या अंधारात बसलेला श्रमिक, परदेशात एकटा पडलेला स्थलांतरित, यांना पार्श्वगायिकेचा आवाज आईच्या कुशीसारखा वाटतो, एवढेच गीतकाराला म्हणायचे आहे.

पवित्र शास्त्राला ही प्रतिमा परकी नाही. यशयाच्या अखेरच्या अध्यायात येरुशलेम ही आपल्या लेकरांना उराशी धरून तृप्त करणारी माता आहे, आणि त्याच ठिकाणी परमेश्वर स्वतःच्या सांत्वनाची तुलना आईच्या सांत्वनाशी करतो. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रिय शिष्य प्रभूच्या उराशी टेकून बसला आहे. हे दृश्य चितारताना कुणा ख्रिस्ती चित्रकाराला कधी संकोच वाटला नाही. माणसाला टेकायला ऊर लागते. ही गरज निर्मात्यानेच दिलेली आहे, आणि तिची लाज बाळगण्याचे कारण नाही. तेव्हा त्या मातेला आमचे पहिले उत्तर असे की, शब्द अश्लील नाही. तिने शब्द ऐकले आणि आम्ही ऐकले नव्हते, एवढ्यापुरती मात्र ती आमच्याहून चांगली समीक्षक ठरली.

दुसरे उत्तर थोडे अवघड आहे. शुभवर्तमानात खरोखरीच्या उशीचाही एक प्रसंग आहे. मार्क सांगतो की, वादळ उठले तेव्हा प्रभू होडीच्या मागच्या बाजूस उशीवर डोके ठेवून झोपला होता. शिष्यांनी त्याला उठवले, आणि तो उठला. मत्तयाच्या शुभवर्तमानात तोच प्रभू सांगतो की, मनुष्याच्या पुत्राला डोके टेकायला जागा नाही. हे दोन प्रसंग जवळजवळ ठेवले म्हणजे विसाव्याविषयीची ख्रिस्ती दृष्टी स्पष्ट होते. उशी हवी, पण ती उठण्यासाठी. ज्या सांत्वनानंतर माणूस उठून वादळाकडे वळतो, त्या सांत्वनाला आपण आशा म्हणतो. ज्यानंतर तो कूस बदलून पुन्हा झोपतो, ते केवळ सुख. मग हे गाणे आपल्याला उठवते की झोपवते?

धरणांची ओळ

याचे उत्तर गाण्यातल्याच एका जागी दडले आहे. सरकारच्या सूचना, साध्या राहणीचा उपदेश आणि बांधली जाणारी धरणे यांची आम्हांला पर्वा नाही, असे गीतकार सहज बोलून जातो. आशय असा की, राज्यकर्ते वरून विकासाचे धडे देत राहिले, आणि सामान्य माणसाला जगायला बळ दिले ते गाण्यांनी. गाण्याच्या बाजूने केलेली ही तक्रार आहे आणि तीत सत्याचा अंश आहे. नृत्यावर थिरकणाऱ्यांपैकी किती जणांनी ही ओळ ऐकली असेल, कोण जाणे.

खान्देशातल्या ख्रिस्ती माणसाला मात्र या ओळीवरून असे तरंगत जाता येत नाही. हे गाणे इंग्लंडात पहिले आले त्याच वर्षी, १ जुलै १९९८ रोजी, धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा झाला. त्या भागातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे सरदार सरोवराच्या बुडितक्षेत्रात येत होती. मणिबेलीपासून पुढे नर्मदाकाठच्या आदिवासींनी घरे, शेते, देवाची ठाणी पाण्याखाली जाताना पाहिली. २०१७ साली धरणाचे लोकार्पण झाले. सातपुड्याच्या पायथ्याशी आमचे धर्मगुरू व धर्मभगिनी ज्या लोकांत काम करतात, त्यांना धरणाची पर्वा नाही असे म्हणण्याची चैन परवडत नाही.

आमच्या मते या गाण्याची मर्यादा इथे उघड होते. त्याने दुःखाकडे बोट दाखवले, आणि लगेच पाठ फिरवून तबकडी लावली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये आधुनिक जगाविषयी जो मोठा दस्तऐवज दिला, त्याचे लॅटिन नाव आनंद व आशा या दोन शब्दांवरून पडले. पण त्याच पहिल्या वाक्यात दुःख आणि चिंता हेही शब्द आहेत. परिषदेने ते चारही एकत्र ठेवले. गाण्याने आनंद व आशा घेतल्या आणि उरलेले दोन एका ओळीत उरकले. लोकप्रिय गीताकडून याहून अधिकाची अपेक्षा अन्यायाची ठरेल, असे कुणी म्हणेल. कदाचित ठरेल. पण ज्या गाण्याने नावातच आशेची घागर डोक्यावर घेतली, तिच्यात पाणी किती आहे हे पाहण्याचा हक्क श्रोत्याला आहे.

वेग

मूळ आवृत्ती आम्ही अलीकडेच लक्षपूर्वक ऐकली. ती सावकाश आहे. तीत यादीतले प्रत्येक नाव ऐकू येते, धरणांची ओळही ऐकू येते. नॉर्मन कुकच्या आवृत्तीत ढोलांचा ठेका पुढे येतो, आवाज चढा होतो आणि शब्द मागे सरतात. नाचण्यासाठी ती नक्कीच अधिक चांगली आहे; तिच्यात एक निरागस उल्हास आहे आणि तो खोटा नाही. पण उल्हासाने अर्थाची जागा घेतली हेही खरे. साठावा क्रमांक आणि पहिला क्रमांक यांत एवढाच फरक होता, हे जाणवले की जरा विषाद वाटतो.

संत अगस्तीनने आपल्या ‘कबुलीजबाबा’च्या दहाव्या भागात हीच चिंता स्वतःविषयी व्यक्त केली आहे : गायिल्या जाणाऱ्या वचनाहून गायनच मला अधिक हलवते की काय? तरीही त्याने चर्चमधल्या गाण्याला नकार दिला नाही, कारण त्याच गाण्याने परिवर्तनाच्या दिवसांत त्याच्या डोळ्यांत पाणी आणले होते. १९८४ साली ‘वेस्ट इंडिया कंपनी’ नावाच्या ब्रिटिश वाद्यवृंदाने खुद्द आशाबाईंच्या आवाजात ‘आवे मारिया’ या नावाची तबकडी काढली होती. पवित्र मातेचे नाव ठेक्यावर आले म्हणून ते लगेच भ्रष्ट झाले असे आम्ही म्हणणार नाही. आमच्याच चर्चमधून अलीकडे भक्तिगीते तयार ठेक्यांच्या यंत्रावर वाजतात, आणि शब्द विचारले तर गाणाऱ्या मुलांना सांगता येत नाहीत. दोष ठेक्याचा नसतो. ऐकण्याचे थांबवणाऱ्या घाईचा असतो.

गार्डसाहेबांनी यावर आपल्या परीने उपाय काढला होता. मुलीने पाठवलेली तबकडी त्यांना फार घाईची वाटली. मग त्यांनी रेकॉर्ड प्लेयरची कळ ४५ वरून ३३ वर सरकवली. गायकाचा आवाज विहिरीतून यावा तसा घोगरा झाला, घरातले हसले, पण ते म्हणाले, “आता ‘आशा’ नीट ऐकू येते.” मूळ सावकाश गाणे अस्तित्वात आहे हे त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हते. तरी त्यांचा हात त्याच दिशेने गेला होता.

अवशेष

राहता राहिला ट्रंकेचा प्रश्न. संग्राहकाच्या लेखी कमी वाजलेली तबकडी अधिक मोलाची. न वाजलेली सर्वांत मोलाची. या हिशोबाने आम्ही अस्वस्थ झालो. संतांच्या अवशेषांचा आदर करणारी आपली परंपरा आहे. वस्तूतून माणसाकडे जाण्याची वाट आपल्याला ओळखीची आहे. पण अवशेषाचे मोल त्या देहाने काय सोसले व काय दिले यावर ठरते, तो किती कोरा राहिला यावर नव्हे. गार्डसाहेबांची ही तबकडी चऱ्यांनी भरली होती. तो प्रत्येक चरा म्हणजे मुलीची आठवण काढलेली एक संध्याकाळ. म्हणून आम्ही मुलाला मोठ्या गांभीर्याने सांगितले की, बाकीच्या विकल्यास तरी ही ठेव.

त्याने इंग्लंडात बहिणीला फोन लावला आणि आमचे म्हणणे कळवले. तिचे उत्तर त्याने आम्हांला जसेच्या तसे ऐकवले : “फादरांना सांग, ती पण विक. तिचे काम झाले आहे. ट्रंकेत ठेवून कोण ऐकणार? आईच्या औषधांना पैसे लागतात ते बघ.”

आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. आशेविषयी आम्ही एवढा विचार केला होता, परंतु त्या घरात औषधाची चिठ्ठी आहे हे आमच्या लक्षात आले नव्हते. २०२५ च्या पवित्र वर्षात आपण सारे स्वतःला ‘आशेचे यात्रेकरू’ म्हणवून घेत होतो. यात्रेकरूला ओझे टाकता आले पाहिजे, हे त्या मुलीला आमच्याहून आधी कळले. तिने उशी घेतली होती, तिच्यावर डोके टेकले होते, आणि ती उठलीही होती.

तेव्हा धुळ्याच्या त्या मातेला आमचे अंतिम उत्तर असे : हे गाणे वाईट नाही, ते अपुरे आहे. न दिसणाऱ्या गळ्याचे ऋण ते मनापासून मानते आणि एकट्या माणसाला रात्रीपुरता आधार देते. सकाळी उठून काय करायचे ते मात्र ते सांगत नाही. ते सांगण्याचे काम गाण्याचे नसून आपले आहे. मुलांना ते ऐकू द्यावे. फक्त आधी सावकाश आवृत्ती ऐकवावी, शब्द समजावून द्यावेत, आणि थाळनेर कुठे आहे ते नकाशावर दाखवावे. नाचायला पुढे वेळ आहेच.

तबकडी मुंबईला गेली. चऱ्यांमुळे तिचे पैसे कमीच आले.